नाहिदची खोटी ओळ

एकतीस वर्षं मी रंगमंचावर सूड घेतले. कपटी दिवाण, फितूर सरदार, सावत्र मामा, जे मिळेल ते. कयाधू नाट्यमंडळीची कनात ज्या गावात लागायची, त्या गावच्या बाया मला बघून बोटं मोडायच्या, आणि त्या शापांवर माझं घर चाललं. पण ते सगळे सूड लिहून दिलेले. शेवटच्या अंकात मला मरायचं असायचं, हे पहिल्या घंटेपासून ठाऊक असायचं. खरा, कुणी लिहून न दिलेला सूड मी आयुष्यात एकदाच पाहिला. गेल्या फेब्रुवारीत, वसमतच्या एका कॉलेजच्या सभागृहात, भर दुपारी. घेणारी होती नाहिद, माझ्या मकबूलची लेक.

मकबूल आमच्या कंपनीचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून आख्खं नाटक ओठांत बोलायचा. नट अडखळला की तेवढीच ओळ हळूच बाहेर सोडायचा, अशी की पहिल्या रांगेलाही कळू नये. पण त्याचं एक काम फक्त आम्हाला माहीत होतं. मालक भीमसिंग तालमीत त्याला डोळ्याने खूण करायचे आणि मकबूल मुद्दाम खोटी ओळ द्यायचा. ज्याला भूमिका समजलेली असे, तो ती झटकून पुढे जायचा. ज्याची सगळी भिस्त विंगेवर, तो तीच ओळ ठणकावून बोलायचा आणि उघडा पडायचा.

मी पडलो होतो. पहिल्याच महिन्यात. नायिकेला पळवायला आलेला खलनायक मी, आणि मकबूलने ओळ दिली, "खबरदार, माझ्या बहिणीला हात लावशील तर!" मी छाती काढून तेच बोललो. नायिका हसता हसता खाली बसली. पुढचे तीन महिने मी पडद्याच्या दोऱ्या ओढल्या. दोऱ्या ओढताना मकबूल जवळ येऊन म्हणाला, "राग आला का रे मसाजी? येऊ दे. पण पाठ करू नको, समजून घे." त्या दिवसापासून तो मेला त्या दिवसापर्यंत आमची दोस्ती.

नाहिद त्या स्टुलाशेजारी वाढली. आता चाळिशीला आली आहे. बुटकी, चष्म्याला मागे काळी दोरी, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि पोरांच्या वह्यांची चळत. कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नवा आदेश निघाला तर नोकरी, नाही निघाला तर घरी. नऊ वर्षं असे नऊ जून तिने काढले. वह्या हिरव्या शाईने तपासते, कारण लाल शाईने पोरांच्या पोटात गोळा येतो म्हणे. आणि एक सवय बापाची. पोरगं उत्तर द्यायला उभं राहिलं, जरा अडखळलं, की हिचे ओठ आपोआप हलायला लागतात. आवाज नाही, नुसते ओठ. कितीतरी पोरं त्या ओठांकडे बघून पास झाली असतील.

तिच्या विभागाचे प्रमुख शिवहार सर. मूळचे हट्टा गावचे. घरची चांगली शेती, शेतात हळद, पण हळदीचा डाग त्यांच्या शर्टाला कधी लागला नसावा. बोलणं गोड, अत्तर उंची. कुठलाही कागद पुढे आला की खाली सही करायची जागा आधी शोधणार, मजकूर मग, वेळ मिळाला तर.

मागच्या ऑक्टोबरमध्ये काय झालं ते सांगतो. पोरं एआयकडून प्रकल्प लिहून आणायला लागली होती. सगळ्या वह्यांत एकच गुळगुळीत मराठी. शिक्षक हैराण. शिवहार सरांनी उपाय म्हणून एक सॉफ्टवेअर आणलं. मजकूर टाकला की ते सांगणार, माणसाने लिहिलंय की यंत्राने, किती टक्के. सरांनी आख्ख्या वर्गाचे प्रकल्प त्यात ओतले. कुरुंदा गावच्या रागिणी नावाच्या मुलीच्या प्रकल्पावर उत्तर आलं, शहाण्णव टक्के यंत्र. नाहिदने तिला वीसपैकी अठरा दिले होते. सरांनी अठरा खोडून शून्य केलं.

रागिणीचा प्रकल्प होता हळद शिजवणाऱ्या बायांवर. तिची आई सत्यभामाबाई हंगामात हळदीच्या कढईवर असते. पोरीने सुट्टीभर आईसोबत उभं राहून ते लिहिलं होतं. पहिल्यांदा लिहिलं ते घरच्या बोलीत. नाहिदनेच तिला सांगितलं, "चांगलं हाय, पण प्रमाण भाषेत लिही, विद्यापीठात जाणार आहे." पोरीने तीनदा लिहून काढलं, एकेक गावंढळ शब्द वेचून बाहेर टाकला. इतकं स्वच्छ केलं की यंत्राला ते आपलंच वाटलं.

नाहिद सरांकडे गेली. म्हणाली, "सर, मी या पोरीचे तिन्ही खर्डे बघितलेत. तुमी एकदा वाचून तर बघा."

सर म्हणाले, "मॅडम, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

आणि तिथेच थांबले नाहीत. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला निष्काळजीपणे गुण दिले, याबद्दल नाहिदकडून माफीनामा लिहून घेतला. दिला नाही तर जूनचा आदेश विसरा, असं हसत हसत सांगितलं. वर तो वर्गात, त्याच पोरांसमोर, फळ्यापुढच्या चौथऱ्यावर उभं राहून वाचायला लावला. रागिणी तिसऱ्या बाकावर होती. पोरगी रडली नाही, वहीच्या पुठ्ठ्यावर नखाने ओरखडे काढत राहिली. माफीनामा नाहिदच्या फायलीत गेला, आणि लिहून दिला म्हणून जून वाचला असंही नाही. निवड समिती फाइल उघडणार, पहिला कागद तोच दिसणार.

ती त्या दिवशी घरी न जाता माझ्याकडे आली. मी अंगणात गवार निवडत होतो. सगळं ऐकलं आणि माझ्यातला जुना खलनायक ताडकन उठून बसला. मी म्हटलं, "पोरी, तू फक्त सांग. भर चौकात धोतर फेडतो त्याचं."

"सर पॅन्ट घालतात, चाचा."

"मग पॅन्ट! निनावी पत्रं पाठवू. त्याच्या खुर्चीला खाजखुजली लावू. मी तिसऱ्या अंकात लावायचो, घर डोक्यावर घ्यायची पब्लिक."

ती हसलीच नाही. गवारीची एक शेंग हातात घेऊन मोडत राहिली. मग म्हणाली, "मला त्यांना मारायचं न्हाई, चाचा. मला त्यांना वाचायला लावायचंय. त्याच चौथऱ्यावर. मोठ्यानं."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. आमच्या काळी मेकअपवाला असा डोळा काढायला काजळाची आख्खी डबी संपवायचा.

पुढचे आठ दिवस ती फोनवर त्या एआयशी बोलत बसली. तिची आई कमरुन्निसाभाभी मला बाजारात भेटल्या तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "क्या की भाईसाब, पोरगी दिनभर किससे तो बातां कर रई. पूछी तो बोलती, अम्मी, नौकर रखी मैं."

नवव्या दिवशी नाहिद आली ती कागदांचा गठ्ठा घेऊन. "चाचा, अब्बाची खोटी ओळ आठवते?"

"विसरेन कसा. तीन महिने दोऱ्या ओढल्या."

"मी एआयला सांगितलं, आमच्या पोरांच्या गावांवर, त्यांच्या घरच्या कामांवर लिही. दुसऱ्या वर्षाचं पोरगं लिहील तसं, जरा ओबडधोबड. किती झोकात लिहिलंय बघा. आणि मधे मधे धडधडीत खोटं. मला खोटी ओळ टाकावी बी लागली न्हाई, ते स्वतःच टाकून राहिलं."

तिने परीक्षाच उलटी केली. आजवर पोरं यंत्राकडून लिहून आणत होती आणि मास्तर त्यांना पकडत होते. आता मास्तरीणच यंत्राचं लिखाण पोरांच्या हातात देणार. प्रत्येकाला त्याच्या घरच्या कामावरचा एक निबंध. यात खोटं काय आहे ते शोधा. घरी विचारा, शेतात विचारा, ज्याला विचारलं त्याचं नाव लिहा. मग पाच मिनिटं चौथऱ्यावर उभं राहून उत्तरं द्या. कागदाला गुण थोडे, उभं राहण्याला जास्त. प्राचार्य मॅडमनी परवानगी दिली. पोरांना उभं राहायला शिकवायचं म्हणून मला शेवटच्या बाकावर बोलावलं. किती वर्षांनी मला कुणी तालमीला बोलावलं होतं! मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

काय मजा आली ती! बजरंग नावाचा पोरगा, घरी मेंढरं. त्याच्या निबंधात यंत्राने लिहिलं होतं की मेंढपाळ लोकर स्वच्छ राहावी म्हणून मेंढ्यांना रोज आंघोळ घालतात. तो चौथऱ्यावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, हे साफ खोटं हाय. रोज आंघोळ तर माझा बापबी करत न्हाई."

"साक्षीदार कोण?" नाहिदने विचारलं.

"माझी आई."

वर्ग कोसळला. पण त्याच पोराने मग मेंढरं वर्षातून कधी धुतात, कातरायच्या आधी किती दिवस, कुठल्या पाण्यात, हे न थांबता सांगितलं. याआधी तो वर्गात तोंड उघडत नसे. आणि ज्या पोरांनी ऑक्टोबरमध्ये खरोखरच यंत्राकडून लिहून आणलं होतं, त्यांनाही तिने शून्य दिलं नाही. पुन्हा उभं केलं, पुन्हा विचारलं. शिवहार सर दारावरून जाताना हे बघत असत.

जानेवारीत खबर आली की विद्यापीठाचे दोन ज्येष्ठ प्राध्यापक मूल्यमापनाचे नवे प्रयोग बघायला येणार. शिवहार सरांनी नाहिदला बोलावून घेतलं. "मॅडम, आपल्या विभागाचा प्रयोग मी सादर करतो. विभागप्रमुख म्हणून ते मलाच शोभेल. तुम्ही मला साहित्य मेल करा."

मी म्हटलं, "हा तर चोर!"

नाहिद म्हणाली, "चोर आपल्या पायानं घरात येऊन राहिला, चाचा. दार लावू नका."

तिने दोन मजकूर पाठवले. 'अ' आणि 'ब'. दोन्ही हळदीवर, दोन्हींवर नाव नाही. 'ब' एआयने लिहिलेला, ओबडधोबड, खोट्या ओळींसकट. आणि 'अ' म्हणजे रागिणीचा तोच ऑक्टोबरचा प्रकल्प, नावाचं पान काढलेला. बाकी एक अक्षरही बदललं नाही. खाली लिहिलं, सर, यातला एक विद्यार्थिनीचा आहे, एक यंत्राचा. कुठला कुणाचा ते आपण वाचून ओळखालच. तिथून सुरुवात करावी.

"आणि त्यांनी ओळखला तर? तोच प्रकल्प परत पाठवलास म्हणून फाइलीत दुसरा कागद लागेल," मी म्हटलं.

"ओळखला तर मी हरले. मग जूनबी गेला समजा," ती म्हणाली. "पण ओळखायला आधी वाचलेला पाहिजे ना."

सभागृह भरलं होतं. पुढे प्राचार्य मॅडम आणि दोघे पाहुणे, मागे शंभरेक पोरं, पोरांच्या मागे मी. शिवहार सर नवं जाकीट घालून चौथऱ्यावर आले. "माझा हा प्रयोग," अशी सुरुवात केली. भिंतीवरच्या पडद्यावर 'अ' आणि 'ब' दिसले. सरांनी दोन्ही मजकूर सॉफ्टवेअरमध्ये टाकले. 'अ'वर लाल अक्षरं आली, शहाण्णव टक्के यंत्र. 'ब'वर हिरवी, माणूस.

शहाण्णव. तोच आकडा. तरी माणसाच्या डोक्यात काही हललं नाही. मी त्यांचा चेहरा बघत होतो. चेहरे वाचण्यात माझं आयुष्य गेलंय. तिथे काही नव्हतं.

"बघा," सर म्हणाले, "हा 'अ' किती गुळगुळीत आहे. शब्द आहेत, पण मातीचा वास नाही. आणि हा 'ब'. भाषा कच्ची आहे, पण यात शेतकऱ्याच्या लेकराचा घाम आहे. मी स्वतः हळदवाल्या घरातला आहे, मला हा घाम ओळखू येतो."

नाहिद उभी राहिली. आवाज एकदम मऊ. "सर, 'ब'मधला दुसरा परिच्छेद वाचता का? जरा मोठ्यानं. मागे ऐकू यायला पाहिजे."

सरांनी वाचला. मन लावून, चढउतारांसकट. "हळद काढल्यावर आमच्याकडे ती आधी पंधरा दिवस कडक उन्हात वाळवतात. हळकुंडं वाजायला लागली की मग ती मोठ्या कढईत मीठ घालून शिजवतात..."

मग मुलींच्या रांगेतून एक फिस्सकन हसू सुटलं. बजरंग बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, मीठ टाकल्यावर फोडणीबी देत्यात का?" दुसरा म्हणाला, "हट्ट्याला आधी वाळवून मग शिजवत्यात काय? आमच्याकडं तर आधी शिजवत्यात बा!" आणि आख्खं सभागृह फुटलं. आमच्या विनोदी नटाला आयुष्यात मिळाला नसेल असा हशा. शंभर पोरांतल्या साठांच्या घरी त्या आठवड्यात कढया पेटलेल्या होत्या. बाजूच्या गल्लीतून शिजत्या हळदीचा वास सभागृहात येत होता, आणि हा माणूस त्या वासात उभा राहून उलटं वाचत होता!

पाहुण्यांतले म्हातारे प्राध्यापक पुढे झुकले. "मग 'अ' कुणी लिहिलाय?"

"रागिणी," नाहिद म्हणाली, "उभी राहा, बेटा."

पाहुण्यांनी विचारलं, "हळद शिजली हे तुझी आई कसं ओळखते?"

रागिणी आधी अडखळली. नाहिदचे ओठ हलले. मग पोरीने प्रमाण भाषा सोडून दिली. "सगळे काडी घुसवून बघत्यात सर. काडी आरपार गेली की शिजली. आमची माय काडी घुसवत न्हाई. ती झाकणाच्या वाफंत तोंड धरती. कच्चा वास मातीचा येतो, शिजल्यावर बदलतो. ती म्हणती, काडी एकाच हळकुंडाचं सांगती, वाफ आख्ख्या कढईचं सांगती. प्रकल्पात मी सहाव्या पानावर लिवलंय."

पाहुण्यांनी सहावं पान पडद्यावर लावायला सांगितलं. होतं.

मग नाहिद सरांकडे वळली. नऊ वर्षांत तिने त्यांच्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नसेल. "सर, हाच प्रकल्प ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे आला होता. याच्यावर तुमी शून्य दिलं. याच्यासाठी माझ्याकडून माफीनामा घेतला. आज तुमी ओळखला न्हाई, कारण तवा वाचलाच नव्हता. यंत्र खोटं बोलत न्हाई म्हणाला होता ना? आता सांगा, कोण बोललं?"

शिवहार सरांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मी ती नजर ओळखतो. ओळ विसरलेला नट असाच विंगेकडे बघतो. विंगेत कुणी नव्हतं.

देवा शप्पथ सांगतो, मला टाळी वाजवावीशी वाटली. मी वाजवली.

प्राचार्य मॅडमनी रागिणीचे अठरा गुण त्याच दिवशी परत केले. माफीनामा फायलीतून काढून फाडून टाकू म्हणाल्या. नाहिद म्हणाली, "फाडू नका मॅडम. त्याचं उत्तर पाहिजे. त्याच वर्गात, त्याच चौथऱ्यावर."

दुसऱ्या दिवशी सर वर्गाच्या दाराशी आले. हातात छापील कागद. नाहिदने दारातच वाचला. भाषा काय सुंदर! 'आत्मपरीक्षणाच्या प्रकाशात', 'संस्थात्मक संवेदनशीलता'. नाहिदने कागद घडी करून विचारलं, "सर, तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय?"

सरांनी खिशातला रुमाल काढला.

"पहिल्या ओळीत?"

सरांनी कागदाकडे हात केला. तिने दिला नाही. "हे तुमी लिहिलेलं न्हाई. मी शून्य देत न्हाई कुणाला. पुन्हा लिहून आणा. हातानं."

दारातला हा तमाशा चाळीस पोरं बघत होती, शेवटच्या बाकावरून मीही. तिसऱ्या दिवशी सर पुन्हा आले. हाताने लिहिलेलं, पण उतरवून आणलेलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा परत. मला वाटलं, आता पुरे. माणूस दोन दिवसांत पाच वर्षांनी वाकला होता. मी नाहिदला म्हटलंही, "सोड पोरी." ती म्हणाली, "रागिणीनं तीनदा लिहिलं होतं, चाचा."

तिसऱ्या खेपेला चारच ओळी आल्या. अक्षर तिरकं, दोन ठिकाणी खोडलेलं. नाहिदने वाचल्या, काही विचारलं नाही, बाजूला होऊन चौथऱ्याकडे हात केला.

सर चढले. अत्तर नव्हतं लावलेलं. वाचलं, "मी रागिणीचा प्रकल्प वाचला नव्हता. न वाचता शून्य दिलं. नाहिद मॅडमला माफी मागायला लावली, ती मीच मागायला पाहिजे होती."

चौथ्या ओळीला थांबले. कागद हातात होता, ओळ समोर होती, आवाज फुटत नव्हता. मी नाहिदकडे बघितलं. तिने ओढणीचा पदर तोंडावर दाबून धरला होता, घट्ट, दोन्ही हातांनी.

शेवटी सर स्वतःच बोलले, "माझी आईबी हळद शिजवायची. मी तिला कधीच काही विचारलं न्हाई."

नाहिदने कागद घेतला आणि तिच्या माफीनाम्याला टाचणीने जोडला. दोन्ही एकाच फायलीत ठेवायला सांगितले. निवड समितीला एक दिसला की दुसराही दिसावा. जूनमध्ये आदेश आला.

सरांनी माफी वाचली त्या दिवशी घरी परतताना मी तिला विचारलं, "समाधान झालं?"

"पोटभर जेवल्यासारखं वाटून राहिलं."

"मग तो अडखळला तवा तोंड काहून झाकलं होतं?"

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "ओठ हलले असते ना, चाचा. सवयच हाय."